गवती चहा की सुंठ-मिरीचा काढा?

पावसात भिजून आलं की आमच्याकडे गवती चहाच. दोन कप पाण्यात ठेचलेलं आलं पाच मिनिटं उकळायचं, गॅस बंद करून पात कापून टाकायची, वर झाकण ठेवायचं. तिचा लिंबासारखा वास सिट्राल या सुगंधी घटकाचा. फार उकळलं की तो वाफेबरोबर उडतो. मळमळीवर आलं खरंच उपयोगी पडतं.

काढ्याचा बाज वेगळा. 2020 मध्ये आयुष मंत्रालयाने सुचवलेलं प्रमाण सोपं आहे: तुळस 4 भाग, दालचिनी आणि सुंठ 2-2, मिरी 1. घसा छान शेकतो, पण त्याने सर्दी बरी होते असं मी म्हणणार नाही. पित्ताचा त्रास असेल तर जपूनच. रोजच्यासाठी माझं मत गवती चहाला. काढा घसा धरला तरच, तोही अर्धा कप.