गेलेल्या भिडूंच्या नावांची पाटी: पितळ, स्टील की अ‍ॅल्युमिनियम?

जुन्या कॅम्पिंग ग्रुपमधले भिडू जग सोडून जायला लागले की कोणीतरी त्यांच्या नावांची पाटी करायचा विषय काढतंच. पाटी झाडाला ठोकू नये: खिळ्याने साल फाटते आणि संरक्षित जंगलात तर हा सरळ गुन्हा ठरू शकतो. दर कॅम्पला सोबत येणारी सामायिक किचनपेटी ही तिची खरी जागा. तिच्या झाकणासाठी कोरून मिळणाऱ्या तीन पाट्यांपैकी ३१६ ग्रेडचं, म्हणजे सहसा न गंजणाऱ्या जातीचं, स्टेनलेस स्टील सगळ्यात भरवशाचं, मात्र अक्षरं खोल कोरलेली हवीत.

गोंधळ होतो तो इथेच. स्टीलवर लेझरने काढलेली काळी अक्षरं पुष्कळदा कोरलेली नसतातच. उष्णतेने पृष्ठभागावर ऑक्साइडचा थर तयार होतो, तेवढंच. दिसायला सुरेख, पण पातेल्यांसोबत पाटीवरही तारेची घासणी फिरली की नावं पुसट होतात. शिवाय लेझरचा ताप जास्त झाला तर अक्षरांच्या कडेने गंजही धरतो. हातात आलेल्या नमुन्यावर नख फिरवून बघा. खाच लागली नाही तर परत द्या. दीड मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात ०.३ ते ०.५ मिलिमीटर खोली आणि आत इनॅमल रंग, एवढं पुरतं. रंग उडाला तरी नाव राहतं.

पितळ पहिल्या दिवशी सगळ्यात देखणं. नंतर ते काळवंडतं, मग कोणीतरी हौसेने पॉलिश लावून घासतं आणि अक्षरांतला रंग निघतो. काळवंडलेलं चालणार असेल तरच घ्या. अ‍ॅनोडाइज्ड (विजेच्या प्रक्रियेने ऑक्साइडचा कडक थर चढवलेलं) अ‍ॅल्युमिनियम हलकं असतं, पण काळ्या रंगाची पाटी उन्हात हळूहळू जांभळट-तपकिरी पडते.

मराठी नावांचा घोळ वेगळाच. कोरणाऱ्याच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं सुटी होतात, पहिली वेलांटी भलत्या अक्षराला चिकटते, रफार गायब होतो. म्हणून टाइप केलेला मजकूर पाठवू नका. अक्षरांचं रेषाचित्रात रूपांतर केलेली पीडीएफ पाठवा. मोबाइलवरच्या प्रूफला लगेच हो म्हणू नका. खऱ्या मापात छापून घरच्यांना दाखवा, ह्रस्व-दीर्घ त्यांनाच विचारा. अक्षराची उंची आठ मिलिमीटरपेक्षा कमी ठेवली तर ‘क्ष’ किंवा ‘श्र’च्या पोटात रंग भरून नुसता ठिपका उरतो. टोपणनाव जरूर घाला; कॅम्पवर खरं नाव निम्म्यांना माहीतच नसतं.

सगळी नावं एकाच मोठ्या पाटीवर घेऊ नका. रिकामी जागा सोडायची तर ती कोणासाठी, हा प्रश्न बघणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात येतोच, आणि नंतर कोरलेलं नाव खोलीत, वळणात कधी जुळत नाही. प्रत्येकाची १०० बाय २० मिलिमीटरची वेगळी पट्टी करा. फॉन्टची फाइल ग्रुपमधल्या दोघांकडे तरी असू द्या.

लाकडी झाकणावर पट्टीला दोन्ही टोकांना साडेचार मिलिमीटरची भोकं आणि ४ मिलिमीटर जाडीचे स्क्रू. स्क्रू पट्टीच्याच धातूचे घ्या. पितळी पट्टीत जस्त चढवलेले लोखंडी स्क्रू घातले तर ओलाव्यात ते आधी सडतात. पेटी अ‍ॅल्युमिनियमची असेल तर स्टीलची पट्टी थेट टेकवू नका, मध्ये नायलॉनचे वॉशर घाला, नाहीतर झाकणालाच पांढरी बुरशीसारखी झीज लागते. भोकं पाडायची नसतील तर अ‍ॅक्रेलिक फोमची दुहेरी टेप चालते, पण आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोन्ही बाजू पुसा, जोर देऊन दाबा आणि ७२ तास पेटी हलवू नका. टेप थंडीत, १० अंशांखाली, लावली तर ती पकड घेत नाही. हे काम कॅम्पवर नको, घरीच उरकून न्या.