अभ्यासिकेतले दोन कॅसेट एसी: अकरा महिन्यांनंतर

ठाण्यातल्या नौपाड्यात एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर माझी अभ्यासिका आहे. ९०० चौरस फूट, ४८ टेबलं, सकाळी सात ते रात्री अकरा. डोक्यावर थेट गच्ची. मुलं एमपीएससीची नाहीतर सीएची. एकदा बसली की जेवायलाच उठतात. गेल्या मार्चमध्ये तिथे तीन-तीन टनांचे दोन इन्व्हर्टर कॅसेट एसी, म्हणजे छतात बसणारे चौकोनी एसी, बसवले. उन्हाळा, पावसाळा आणि ऑक्टोबरची तलखी, तिन्ही बघून झालंय. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण जो त्रास झाला तो मशीनपेक्षा बसवणाऱ्याने दिला.

त्याआधीचा उन्हाळा कूलरवर काढला. नागपूरच्या जावेचं ऐकून दोन जम्बो कूलर आणले होते. तिच्याकडे मेमध्ये ४४ अंश असले तरी हवा कोरडी ठणठणीत. ओल्या फडक्यात गुंडाळलेला थर्मामीटर तिथे चोवीसच्या आसपास दाखवतो, आणि कूलरची मजल तिथपर्यंतच. ठाण्यात पारा ३४ वर असला तरी आर्द्रता ६५ टक्के. ओला थर्मामीटर अठ्ठावीसच्या खाली उतरत नाही. म्हणजे कूलर कितीही भारी आणा, २९-३० अंशांची दमट हवाच अंगावर येणार. झेरॉक्सची पानं पापडासारखी सर्दली. एका मुलाने विचारलं, "काकू, हा कूलर आहे की इडलीपात्र?" जावेला हे अजून सांगितलेलं नाही.

मग कोटेशनं मागवली. पहिल्याने साडेआठ टनांचा डक्टेबल, म्हणजे छताखालच्या बोगद्यांतून (डक्टमधून) हवा नेणारा एसी, सुचवला. डक्टेबल वाईट नाही; मशीन एका कोपऱ्यात, हवा सगळीकडे सारखी, आवाजही कमी. पण माझी स्लॅब नऊ फुटांवर. डक्ट आणि फॉल्स सीलिंग धरलं तर छत साडेसात फुटांवर आलं असतं. दुसरा व्हीआरएफचं कॅटलॉग घेऊन आला: गच्चीवर एक आउटडोअर, खाली हवे तितके इनडोअर. डॉक्टरांच्या पाच केबिन असतील तर ठीक, सलग हॉलला कशाला? टॉवर एसी दोन टेबलांची जागा खातो, आणि माझं पोट टेबलांवर. उरला कॅसेट. त्याची जाडी फूटभर, चारी बाजूंना हवा फेकतो. त्याच्यापुरतीच पीओपीची चौकट करून घेतली.

टनांचा हिशेब मी स्वतः केला. बसलेला माणूस साधारण ११५ वॅट उष्णता सोडतो. ४८ डोकी म्हणजे साडेपाच किलोवॅट. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट, तेव्हा दीड टन तर नुसती मुलंच. बाकी सगळं गच्ची आणि पश्चिमेची भिंत. सहा टनांवर थांबले. "मॅडम, साडेआठ घ्या, कमी पडायला नको," हे ऐकलं नाही ते किती बरं केलं, ते ऑगस्टात कळलं. बाहेर २८ अंश आणि हवा चिंब. अशा वेळी सेट केलेलं तापमान लगेच गाठलं जातं, कॉम्प्रेसर मंदावतो, ज्यावर हवेतली वाफ पाणी होऊन जमते ती आतली नळी, म्हणजे कॉइल, पुरेशी गार राहत नाही आणि हवेतलं पाणी हवेतच राहतं. हॉल गार, पण चिकट. सहा टनांत ही गत, तर साडेआठ टनांत वह्यांना बुरशीच आली असती. आता पावसाळ्यात गर्दी कमी असली की एकच मशीन चालवते, तेही हवेतलं पाणी काढणाऱ्या ड्राय मोडवर.

खरा मनस्ताप पाण्याचा. जुलैतल्या एका दुपारी सतरा नंबरच्या टेबलावर टपटप सुरू झाली. त्या मुलीच्या चालू घडामोडींच्या वहीची शाई पार ओघळली. कॅसेटच्या आत पाणी वर ढकलणारा छोटा पंप असतो, पण पंपाच्या पुढे पाइपला सलग उतार लागतो. आमच्या पाइपला मध्येच पोट आलं होतं. मेकॅनिकने तो कापला तेव्हा आतून तपकिरी, जेलीसारखा चिकटा निघाला, बोटभर लांब. बसवणारा फोनवर म्हणे, "पावसाळ्यात एवढं चालतंच." नाही चालत. दुसऱ्या माणसाकडून दर तीन फुटांवर क्लॅम्प मारून उतार काढून घेतला. नंतर कुतूहल म्हणून एका मशीनचं पाणी २० लिटरच्या कॅनमध्ये धरलं. साडेपाच तासांत कॅन भरला. ते लादी पुसायला वापरते. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचा सल्ला बरेच जण देतात, मी घालत नाही. कॉइलवरची धूळ त्यात उतरते.

दुसरी गोष्ट कोणत्याच कोटेशनमध्ये नव्हती. कॅसेट आतलीच हवा फिरवतो. दुपारी तीनला अर्धा हॉल डुलक्या घ्यायचा. मला वाटायचं, डब्यातला भात. भाच्याने कार्बन डायऑक्साइड मोजायचं यंत्र आणलं. बाहेर ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२०), आत २,६०० च्या वर. मग ३०० सीएफएमचा, म्हणजे मिनिटाला ३०० घनफूट हवा ओढणारा, फिल्टरवाला पंखा बाहेरची हवा आत घ्यायला लावला, समोर एक्झॉस्ट. आकडा १,२०० वर आला, डुलक्या बऱ्याच कमी झाल्या. फुकट काही नाही: मेच्या भर दुपारी त्या दमट हवेचा दीड टनाहून जास्त भार मशीनवर पडतो. तेव्हा हॉल २७ च्या खाली जात नाही, वर भिंतीवरचे पंखे लावावे लागतात. मला ते चालतं.

विजेचं सांगायचं तर मेमध्ये १,८०० च्या आसपास युनिट गेले, ऑगस्टात १,२००. सेटिंग २६ वर, रिमोट माझ्या ड्रॉवरमध्ये. फिल्टर दर पंधरा दिवसांनी धुते. तीन हात नाक्याकडची मेट्रोच्या कामाची धूळ इथपर्यंत येते. सप्टेंबरात सर्व्हिसवाला आला आणि गॅसच्या दाबाचं मीटर न लावताच "गॅस कमी झालाय" म्हणाला. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय. म्हटलं, आधी साबणाचा फेस लाव. एकही बुडबुडा आला नाही आणि गॅसचा विषयही पुन्हा निघाला नाही.

आवाजाबद्दल तक्रार नाही, आत तरी. गच्चीवरच्या आउटडोअरची घरघर खालच्या मजल्यावरच्या काकांच्या बेडरूममध्ये पोचत होती. खाली रबरी पॅड घातल्यावर ते माझ्याशी पुन्हा बोलायला लागले. झोताखालच्या चार टेबलांवरची मुलं अजूनही शाल घेऊन बसतात आणि कोपऱ्यातली मुलं त्यांचा हेवा करतात. सतरा नंबर मात्र अजून रिकामाच असतो. तिथे कोरडं आहे, हे कितीही सांगितलं तरी मुलं आधी मान वर करून छताकडे बघतात आणि पुढच्या टेबलावर जातात.