टॅटिंगची शटल, वीसचा दोरा आणि रुमालाचे चार कोपरे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

टॅटिंग म्हणजे शटल या हातात मावणाऱ्या छोट्या साधनावर दोरा भरून बारीक गाठींनी केलेली लेस. तिच्यात टाके आवळून बंद केलेला गोल म्हणजे रिंग, दोन रिंगांमधली गोळ्याच्या दोऱ्यानं केलेली टाक्यांची कमान म्हणजे चेन आणि टाक्यांमध्ये सोडलेला दोऱ्याचा फास म्हणजे पिको. वापरलेलं सामान असं: क्लोव्हरची टोकदार प्लास्टिक शटल (जोडीनं मिळतात), बॉबिन आणि हूक असलेलं एक शटल, सुटं मिळणारं बिननावाचं एक स्वस्त शटल, २० आणि ४० नंबरचा (नंबर मोठा तितका दोरा बारीक) कॉटन क्रोशे दोरा, ०.६ मिमीची स्टीलची क्रोशे सुई आणि पिको मापायची पट्टी. या शेवटच्या वस्तूला एक पैसाही लागत नाही. काम मुख्यतः रुमालांच्या कडांचं, थोडं गोल मॅट्सचं. नमुना जसाच्या तसा क्वचितच चालला. कापडाचं माप, दोऱ्याची जाडी किंवा कोपरा यांपैकी काहीतरी आडवं आलंच. त्यामुळे हा अनुभव नमुना जुळवून घेण्याच्या अंगानं लिहिला आहे. पैसे कशात घालायचे म्हणाल तर आधी दोऱ्यात, मग शटलमध्ये.

शटलपासून सुरुवात. टोकदार शटलच्या दोन्ही पात्या टोकाला एकमेकींना चिकटून असतात. दोरा सोडताना प्रत्येक वेढ्याला ‘टक्’ असा आवाज येतो. पहिले दोन दिवस तो डोक्यात जातो, पण त्याच पकडीमुळे शटल हातातून सुटलं तरी लोंबकळत राहतं, दोरा भरभर उलगडत नाही. भरताना दोरा पात्यांच्या कडेच्या आतच राहिला पाहिजे. ‘अजून चार वेढे बसतील’ असं करत ठासून भरलं की टोकं फाकतात, आणि एकदा फाकलेली टोकं दोरा नीट धरत नाहीत. फाकलेली टोकं गरम (उकळत्या नव्हे) पाण्यात मिनिटभर धरून बोटांनी दाबली तर बरीचशी जवळ येतात. टोकाच्या चोचीनं २० नंबरच्या दोऱ्याचे जोड (आधीच्या पिकोतून दोरा ओढून नवी रिंग त्याला अडकवणं) आरामात घेता येतात. ४० ला मात्र ती जाड पडते, तिथे सुई लागतेच.

बॉबिनवाल्या शटलची सोय रंग बदलताना कळते. दोन-तीन बॉबिन आधीच भरून ठेवायच्या, कापाकापी नाही. तोटा असा, की रिंग बंद करताना ओढ बसली की बॉबिन फिरते आणि रिंग आवळण्याऐवजी दोराच सुटतो. अंगठ्यानं बॉबिन दाबून धरायची सवय लावावी लागते. नाकावरचं हूक जोड घ्यायला उत्तम, पण ओढणीच्या किंवा पदराच्या धाग्यात अडकायलाही तितकंच तत्पर. स्वस्त शटलच्या कडेला साच्याची बारीक रेघ उभी राहिलेली होती. दोरा तिला घासून पिंजतो आणि कारण लवकर लक्षात येत नाही. ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग १००० चा, दहा मिनिटं घासलं की ते वापरण्याजोगं होतं. दुसरं शटल म्हणून ठीक.

दोऱ्याबद्दल थोडं खोलात जायला हवं, कारण टॅटिंगमध्ये दोऱ्यावर जो अत्याचार होतो तो क्रोशात होत नाही. प्रत्येक टाका म्हणजे दोन अर्धे टाके. दोन्ही वेळा गाठ शटलच्या दोऱ्याची पडते आणि ताण देऊन ती हातावरच्या दोऱ्यावर पलटवायची असते. पलटली तर शटलचा दोरा आतून सरळ धावतो आणि रिंग आवळता येते. एक अर्धा टाका जरी पलटायचा राहिला तरी तिथे कुलूप बसतं. म्हणून हवा घट्ट पिळाचा मर्सराइज्ड (प्रक्रिया करून मजबूत, चमकदार केलेला) क्रोशे दोरा. भरतकामाचा सहा पदरी रेशमासारखा दोरा सुटा पडतो आणि सुईच्या टोकाला पदर अडकतात. पर्ल कॉटन दिसतं झकास, पण दोनच पदरांचा पीळ असल्यानं एकदा उसवलं की केसाळ होतं. शिलाईचा पॉलिस्टर धागा मजबूत खरा, पण त्याचे पिको कितीही पाणी मारा, हवे तसे वळत नाहीत. अँकरचा २० नंबरचा क्रोशे दोरा शिकायला आणि वापरायला दोन्हींसाठी बरा वाटला. लिझबेथचा दोरा जास्त गोल आणि चकचकीत दिसतो, पिको उठून दिसतात. घसरतोही जरा जास्त, त्यामुळे शेवटाची गाठ तीनदा मारावी.

दोन कंपन्यांचे ‘२०’ एकच जाडीचे असतील असं धरून चालू नका. पट्टीवर १ सेंमीत किती वेढे बसतात ते मोजा, म्हणजे अंदाज येतो. लाल, मरून आणि गडद निळा दोरा पांढऱ्या कापडाला लावण्याआधी त्याचा तुकडा साबणाच्या कोमट पाण्यात पांढऱ्या चिंधीबरोबर दहा मिनिटं ठेवावा. रंग सुटणार असेल तर तिथेच सुटू दे.

आता पिको. (साडीला पिको-फॉल करतात तो पिको वेगळा, इथे पिको म्हणजे दोन टाक्यांमधला दोऱ्याचा फास.) नव्या माणसाचं काम आणि मुरलेल्या हाताचं काम यातला फरक सगळ्यात आधी पिकोंच्या उंचीत दिसतो. नव्या शर्टाच्या कॉलरखाली जी पारदर्शक प्लास्टिकची पट्टी येते, तिच्या ३ मिमी आणि ५ मिमी रुंदीच्या चिरफळ्या कापल्या की मापपट्ट्या तयार. लग्नपत्रिकेचा पुठ्ठाही चालतो, पण पंधरा दिवसांत कडा मऊ होतात. वापरताना एक गोंधळ हमखास होतो. पट्टी उभी धरून दोरा तिच्या खालून वेढून वर आणला तर पिकोची उंची पट्टीच्या रुंदीएवढी येते. तीच पट्टी दोन टाक्यांमध्ये आडवी ठेवून नुसतं अंतर मोजलं तर पिको निम्म्या उंचीचा होतो, कारण तेवढाच दोरा दुमडून फास बनतो. ‘३ मिमीचा पिको’ म्हणणाऱ्या नमुन्यात कोणती पद्धत धरली आहे हे पाहिलं नाही तर जोड एक तर ताणलेले दिसतात, नाहीतर ढिले.

मुख्य विषय कोपऱ्याचा. अगदी साधी कड घेऊ: रिंग ५–५–५–५, काम उलटायचं, चेन ७–७, काम उलटायचं, पुढची रिंग ५+५–५–५. आकडे म्हणजे टाके, आडवी रेघ म्हणजे पिको, अधिक म्हणजे आधीच्या रिंगच्या शेवटच्या पिकोला जोड. रिंगचा मधला पिको कापडाकडे, चेन बाहेर. २० च्या दोऱ्यात मध्यम हाताला एक टाका साधारण १ मिमी जागा घेतो आणि एका रिंगपासून पुढच्या रिंगपर्यंत सुमारे १ सेंमी अंतर पडतं. पण हे माप माझ्या हाताचं. स्वतःचं काढायला सलग दहा रिंगांची पट्टी करा, ओली करून वाळू द्या, मग मोजा. तीच पट्टी ४० मध्ये साधारण ७.५ सेंमी भरते.

२५ सेंमीच्या रुमालाला एका बाजूला किती रिंग? घाईत उत्तर येतं २५. पण अंतरं २५, म्हणजे रिंग २६. कोपऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक रिंग लागते. चारी बाजू मिळून १०४ रिंग, १०० सरळ चेन आणि ४ कोपऱ्याच्या चेन. कोपऱ्यावर पहिल्या बाजूची शेवटची रिंग आणि दुसऱ्या बाजूची पहिली रिंग यांचे मधले पिको एकमेकांना जोडायचे, म्हणजे दुसरी रिंग ५–५+५–५ होते, आणि शेजारचे पिको मोकळे सोडायचे. दोन रिंग काटकोनात उघडतात. त्यांच्यामधली चेन किती टाक्यांची?

इथेच नमुने फसवतात. लेसची रुंदी १४ मिमी धरली तर गोल कोपऱ्याच्या बाहेरच्या कडेला रुंदीच्या १.५७ पट, म्हणजे २२ मिमी लांबी लागते; चौकोनी टोक हवं असेल तर दुप्पट, २८ मिमी. टाक्याला १ मिमी या हिशेबानं कोपऱ्याची चेन ११–११. नेहमीचीच ७–७ टाकली तर कोपरा वाटीसारखा वर उचलतो आणि इस्त्रीनंही बसत नाही. ९–९ नं तो सपाट बसतो, पण आत खेचल्यासारखा बुटका दिसतो. ११–११ बाहेरच्या रेषेला येते. २८ टाक्यांची एकच चेन मात्र मधेच वाकडी पडते. चौकोनी टोक हवं तर १०, मग कोपऱ्यावर छोटी रिंग, मग परत १० असं करावं. चेनवर रिंग टाकायची तर गोळ्याच्या दोऱ्याऐवजी दुसरं शटल लागतं. क्लोव्हरची जोडी इथे कामी आली.

काम कोपऱ्यावरच सुरू करावं, म्हणजे सुरुवात-शेवटाची टोकं तिथल्या गर्दीत लपतात. शेवटच्या रिंगला दोन जोड असतात: आधीच्या रिंगचा पिको आणि अगदी पहिल्या रिंगचा मधला पिको, म्हणजे ५+५+५–५. हा दुसरा जोड घेण्याआधी लेस टेबलावर पूर्ण पसरून पाहा. मीटरभर लेसमध्ये एक पीळ पडलेला असतो आणि जोड घेऊन रिंग आवळल्यावरच तो दिसतो.

नमुन्याचं अंतर मोठं असेल तेव्हा गणित अडतं. समजा तीन पानांच्या नमुन्याचं एक आवर्तन ३ सेंमी. २५ ला भागलं की ८.३३. आठ आवर्तनं घेतली तर १ सेंमी कमी, म्हणजे प्रत्येकी सव्वा मिलिमीटर. रिंगला हात लावू नका. पानांचा आकार तिथे ठरतो आणि एक टाका वाढला तरी पान बेढब होतं. चेनच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवा, मधला पिको मध्येच राहील. दोन टाक्यांनी चेन २ मिमी लांब होते, पण ती कमान असल्यानं वाढीचा काही भाग उंचीत जातो आणि अंतर साधारण तेवढंच, सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतं. एकूण २ टक्क्यांपर्यंतचा फरक तर टाचताना कापडावर सहज मुरतो, त्यासाठी नमुना बदलायची गरज नाही.

गोल मॅटमध्ये तोच नियम वेगळ्या रूपात येतो. फेरीची रुंदी १.५ सेंमी असेल तर मॅट केवढीही असो, बाहेरचा घेर ९.४ सेंमीनं वाढलाच पाहिजे. चेन कमी पडल्या तर मॅट वाटी होते, जास्त झाल्या तर झालर. फेरी पूर्ण होईपर्यंत थांबू नका. पाव फेरीनंतर सपाट ठेवून पाहा. आणि वाटी झाली म्हणून लगेच टाके वाढवू नका, आधी हात तपासा. चेन ओढून घट्ट करायची सवय असेल तर टाक्यांची संख्या बरोबर असूनही वाटीच होते.

परदेशी नमुन्यांची भाषा अडत नाही. फ्रेंचमध्ये या कामाला फ्रिव्होलिते म्हणतात, इटालियनमध्ये कियाक्किएरीनो, म्हणजे जवळजवळ ‘गप्पाटप्पा’च, पण आकृतीवर आकडे लिहिलेले असले की झालं. फक्त फार जुन्या नमुन्यांत चेन नसतात, रिंगांमध्ये नुसता उघडा दोरा सोडलेला असतो. ते अंतर दर वेळी सारखं राखणं जिकिरीचं. ६ मिमी उघड्या दोऱ्याऐवजी ७-८ टाक्यांची चेन घातली तर नमुना तगतो, थोडा भारदस्त दिसतो इतकंच.

बंद रिंग उसवावी लागली तर सुरुवातीच्या गाठीशी झटापट नको. शेवटच्या पिकोपाशी टाके दोन्हीकडे सरकवा, आतला दोरा दिसतो. टाचणीनं तो उचलून थोडा बाहेर ओढा, मग पुढच्या पिकोपाशी तसंच. ३० च्या वर टाक्यांची रिंग आवळतानाही एका दमात ओढू नये, मध्ये मध्ये टाके सारखे करावेत. शटलवर ३५ सेंमीपेक्षा कमी दोरा असेल तर नवी रिंग सुरू करू नका. रिंगच्या मधोमध गाठ घेता येत नाही. किती दोरा लागेल याचा अंदाज हवा असेल तर शटलवर मोजून २ मीटर भरा, चार आवर्तनं करा, उरलेला मोजा.

टोकं लपवायला शिलाईच्या पातळ धाग्याचा फास शेवटच्या पाच-सहा टाक्यांच्या आत धरून विणावं, मग टोक त्या फासात ओवून फास ओढून घ्यावा. सुईनं ओवण्यापेक्षा हे स्वच्छ दिसतं.

कापड आधी भिजवून वाळवलेलं हवं, नाहीतर पहिल्या धुण्यात रुमाल आटतो आणि लेस झालर होते. टाचण्या न गंजणाऱ्या घ्या. कोकणातल्या हवेत साधी टाचणी एका रात्रीत तांबूस डाग सोडते. थर्माकोलवर प्रत्येक पिको टाचून पाणी मारावं, वाळल्यावर जाड टॉवेलवर उलट बाजूनं इस्त्री. मॅटला साबुदाण्याची पातळ खळ छान बसते, आकार ताठ राहतो. पावसाळ्यात मात्र खळीचं काम कपाटात ठेवायचं नाही. आधी धुऊन खळ काढायची आणि मग कोरडं करून घडी घालायची, नाहीतर कसर लागते आणि ती सुरुवात पिकोंपासून करते.