नानखटाईची कृती नातवंडांना द्यायची: वहीतून की हातातून?

वहीत प्रमाण पक्कं राहतं: एक वाटी तूप, एक वाटी पिठीसाखर, दोन वाट्या मैदा, थोडी वेलची, ओव्हन १७० अंशांवर, साधारण २० मिनिटं. परगावच्या नातीला सुरुवातीला एवढं पुरतं.

पण तूप फेसून पांढरं, हलकं कधी झालं, हे कागदावरून कळत नाही. कोल्हापुरात थंडीत तूप घट्ट, उन्हाळ्यात पातळ. मैदा किती ओढेल ते बोटांनाच समजतं. साखरेऐवजी आपला गूळ घातला तर रंग लवकर चढतो, आच कमी ठेवावी लागते. (पूर्वी डबे घेऊन बेकरीत जायचो, तिथं भट्टीवालाच आच सांभाळायचा.)

माझा कौल हाताला. सुट्टीत नातवाला परातीशी बसवा, तूप त्यालाच फेसू द्या. घरच्या वाटीत मैदा किती ग्रॅम बसतो, ते मात्र वहीत लिहाच.