असिसी की सांता क्रोचे, एकच जमणार असेल तर

फ्लोरेन्सला तीन-चार दिवस आहोत, संत फ्रान्सिसच्या पंथाचं (फ्रान्सिस्कन) चर्च एकच नीट बघायचंय, मग गावातलंच सांता क्रोचे करू की ट्रेनने फ्रान्सिसच्या गावी, असिसीला जाऊ, असं ओळखीतल्या दोघांनी विचारलं म्हणून जरा सविस्तर लिहितोय. मी दोन्ही केलंय, आधी सांता क्रोचे आणि दोन दिवसांनी असिसी.

सांता क्रोचेच्या बाजूने बोलायला भरपूर आहे. 1294 च्या सुमारास काम सुरू झालं, आराखडा आर्नोल्फो दी कांबियोचा मानतात, वर लाकडी तुळयांचं उघडं छप्पर आणि आत इतकं मोकळं की छाती भरून येते. मायकेलअँजेलो, गॅलिलिओ, माकियावेल्ली एकाच छपराखाली निजलेत. आणि मुख्य म्हणजे बार्दी चॅपेल या छोट्या दालनातली फ्रान्सिसच्या आयुष्यावरची भिंतीवरची चित्रं जोत्तो या चित्रकाराचीच, त्यावर कोणी भांडत नाही. असिसीच्या चर्चमधल्या त्याच विषयावरच्या 28 चित्रांचा कर्ता कोण यावर अभ्यासकांचं अजूनही एकमत नाही. म्हणजे तुम्हाला खात्रीचा जोत्तोच हवा असेल तर उत्तर सरळ आहे.

पण माझं घोडं अडलं ते चॅपेलच्या तोंडाशी. हे चॅपेल अरुंद आणि उंच, चित्रं समोरासमोरच्या दोन भिंतींवर, आणि मी गेलो तेव्हा दोरीच्या बाहेरूनच बघायचं होतं, त्यामुळे सगळं तिरकं दिसतं, माणसं एकमेकांवर चेपल्यासारखी. डावी भिंत बघायला उजवीकडे सरका, उजवी बघायला डावीकडे, असं मी पाऊण तास केलं. फ्रान्सिस अंगावरचे कपडे बापाला परत देतो ते चित्र तर पार वरच्या कमानीत. सरळ काय दिसतं, तर ख्रिस्ताच्या जखमा फ्रान्सिसच्या अंगावर उमटतात ते एक, कारण ते चॅपेलच्या बाहेर, कमानीच्या माथ्यावर आहे. चित्रांवर मधे चुना मारलेला, 19व्या शतकात ती परत उघडकीला आली, आणि भिंतीला टेकवून कबर बसवली होती म्हणून फ्रान्सिसच्या मृत्यूच्या चित्रात मोठी कोरी जागा राहिलीय. त्याचं मला काही वाटलं नाही, उरलेले चेहरे पुरेसे आहेत. तिरकेपणाचं मात्र वाटलं, आजही वाटतं.

असिसीला एकावर एक अशी दोन चर्च आहेत. वरच्या चर्चमधे बाजूच्या ओसऱ्या नाहीतच, एकच रुंद दालन, चार खणांचं, आणि चित्रं डोक्याच्या जराच वर, भिंतीला धरून चालत जायचं आणि एकेक बघायचं. चित्रांच्या वर रंगवलेले खोटे दगडी आधार आहेत, ते दोन्हीकडून खणाच्या मध्याकडे कललेले, म्हणजे तुम्ही बरोबर मधे उभे राहिलात की सगळं जागच्या जागी बसतं. ज्याने कोणी हे रंगवलं त्याने बघणारा कुठे उभा असेल याचा आधी विचार केला होता. तेच कपडे परत द्यायचं चित्र इथे बघा: बापाच्या हातावर मुलाचे कपडे, मागून एकाने बापाचं मनगट धरून ठेवलंय, आणि बाप-लेकात निळ्या आभाळाची उभी फट. ग्रेच्चो गावात फ्रान्सिसने मांडलेल्या ख्रिस्तजन्माच्या गव्हाणीच्या चित्रात तर क्रूसाची मागची बाजू दिसते, फळ्यांना मारलेल्या आडव्या पट्ट्यांसकट. आपण पुजाऱ्यांच्या बाजूला उभे आणि बायका दाराशी थबकलेल्या. तिथून मला हलवेना.

तोटे आहेतच. एका बाजूचे साधारण अडीच तास जातात, स्टेशन खाली आणि गाव टेकडीवर म्हणून वर बस, आत फोटोला मनाई. 1997 च्या भूकंपात छत कोसळून चार माणसं गेली, चित्रांचे असंख्य तुकडे जोडून परत लावलेत, तरी काही जागा मोकळ्याच आहेत. तिथल्याच चिमाबुए या जोत्तोच्या आधीच्या चित्रकाराच्या चित्रांत शिशाचा पांढरा रंग काळा पडलाय, फोटोच्या निगेटिव्हसारखा. खालच्या चर्चमधे अंधार असतो, पण पिएत्रो लोरेन्झेत्ती या चित्रकाराच्या चित्रांसाठी डोळे सरावेपर्यंत थांबाच.

ओल्ड गोव्याचं सेंट फ्रान्सिसचं चर्च बघितलं असेल तर वेदीच्या बाजूला त्याच्याच आयुष्यावरची लाकडी फळ्यांवरची चित्रं आठवतील, कथा ओळखीची वाटेल.

वेळ अगदीच कमी असेल, सोबत लहान मुलं किंवा आईबाबा असतील, तर सांता क्रोचे करा, वाईट वाटून घेऊ नका. पण एक अख्खा दिवस निघत असेल तर माझं मत असिसी, आणि शक्यतो पहाटेची गाडी पकडा, कारण या चर्चचं दार पूर्वेला आहे आणि सकाळचं ऊन दारावरच्या गोल खिडकीतून आत येतं.