पाळणाघरातील सकाळच्या दोन पंगती : जून ते मार्च वापरानंतरचा अनुभव

घरी पाळणाघर चालवताना सकाळच्या खाण्याचे वेळापत्रक हा सर्वांत अवघड भाग असतो, कारण दुपारचे जेवण सगळी मुले एकत्र घेतात, पण सकाळी प्रत्येक मूल वेगळ्या वेळी येते आणि वेगळ्या अवस्थेत येते. गेल्या जूनपासून आम्ही सकाळसाठी दोन ठरावीक पंगती सुरू केल्या : पहिली सव्वाआठला, दुसरी साडेनऊला, त्यानंतर बारा वाजता जेवण, आणि या वेळांच्या मध्ये फक्त पाणी. सोबत स्वयंपाकघराच्या दाराशी एक पांढरा फळा, पालकांचा सकाळचा व्हॉट्सॲप निरोप, अन्न गरम ठेवणारे दोन लहान स्टीलचे डबे आणि मुलांच्या उंचीचे एक बुटके टेबल, एवढीच साधने आहेत. पावसाळा, सणासुदीचे दिवस आणि हिवाळा या तिन्हींतून ही पद्धत पार पडली असल्यामुळे आता तिच्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

आमचे पाळणाघर डोंबिवलीत आहे आणि सकाळचे सगळे गणित लोकलवर ठरते. मुंबईकडे जाणारे पालक सातच्या आसपास मूल सोडून स्टेशन गाठतात, तर जवळपास नोकरी असलेले किंवा घरून काम करणारे साडेनऊपर्यंत येतात. सातला आलेले मूल बहुधा झोपेतून उचलून आणलेले असते आणि त्याने दुधाच्या दोन घोटांपलीकडे काही घेतलेले नसते; नऊला आलेले मूल घरी आजीच्या हातची पोळी खाऊन आलेले असते. या दोघांना एकाच वेळी ताट वाढले, तर एक अधाशासारखे खाते आणि दुसरे घास तोंडात धरून बसते. प्रत्येकाला आल्या आल्या खायला दिले, तर स्वयंपाकघर तीन तास आवरत नाही आणि एकाला खाताना पाहून खाऊन आलेले मूलही पुन्हा मागते, मग बाराच्या वरण-भाताला कोणालाच भूक नसते. म्हणून महिन्याचा मेनू आखण्याआधी दोन खाण्यांमधले अंतर आखणे महत्त्वाचे आहे, असे माझे ठाम मत झाले आहे.

या पद्धतीचा कणा म्हणजे सकाळचा निरोप. पालकांनी घरातून निघताना तीनच गोष्टी कळवायच्या : मुलाने शेवटचे काय खाल्ले, किती वाजता खाल्ले, आणि औषध किंवा पोटाची तक्रार असल्यास ती. दारात चप्पल काढता काढता सांगितलेले विसरले जाते, शिवाय मूल सोडायला कधी आई येते, कधी बाबा, कधी शेजारच्या काकू, आणि प्रत्येकाची माहिती वेगळी असते. लिहून आलेला निरोप मात्र मदतनीस ताई थेट फळ्यावर उतरवतात. फळ्यावर मुलाचे नाव, घरचे खाणे, त्याची वेळ, इथली पंगत आणि शेवटी ‘नाही’, ‘थोडे’ किंवा ‘पुरेसे’ एवढेच रकाने आहेत. किती चमचे खाल्ले हे आम्ही मुद्दाम लिहीत नाही, कारण चमचे मोजायला लागले की भरवणाऱ्याचा हात आपोआप आग्रही होतो. दिवस संपताना याच फळ्याचा फोटो पालकांना मिळतो. त्यात फक्त त्यांच्या मुलाची ओळ ठेवून बाकीचा भाग कापलेला असतो.

कोणी कोणत्या पंगतीला बसायचे, हे फळाच सांगतो. सातच्या आधी थोडेसे खाऊन आलेले किंवा उपाशी आलेले मूल पहिल्या पंगतीला बसते. सात ते आठच्या दरम्यान पोटभर खाल्लेल्याला दुसऱ्या पंगतीला अर्धे ताट मिळते. आठनंतर खाऊन आलेल्याला दुसऱ्या पंगतीला फक्त फळ मिळते, आणि पहिल्या पंगतीला पोटभर जेवलेल्यालाही तेवढेच. जी मोठी मुले दहा वाजता जवळच्या बालवाडीत जातात, त्यांना दुसरी पंगत नाही, कारण तिथे त्यांची डब्याची सुट्टी असतेच. टेबलावर बसल्यावर किती खायचे हे मुलाने ठरवायचे, काय आणि केव्हा वाढायचे हे आम्ही. ही विभागणी काही पालकांना सुरुवातीला कठोर वाटली. ‘ताई, तो सव्वाआठला खात नाही, तुम्ही पावणेनऊला पुन्हा विचारा ना,’ असे अनेकींनी सांगितले. पण पावणेनऊला विचारणे बंद राहिल्यावर बहुतेक मुले दोन-तीन आठवड्यांत आपापल्या पंगतीला भूक घेऊन बसू लागली, आणि ज्यांच्याबाबत तसे घडले नाही त्यांचा विषय पुढे येतो.

पदार्थांच्या बाबतीत दोन पंगतींची खरी कसोटी लागते, कारण तासाभराच्या अंतराने तोच पदार्थ तितकाच चांगला लागला पाहिजे. पोहे या कसोटीला उतरत नाहीत. डब्यात ठेवलेले पोहे कोरडे पडतात आणि लहान मुलांना तोठरा बसतो. म्हणून कांदा-बटाट्याची फोडणी एकदाच करून ठेवायची, पोहे मात्र प्रत्येक पंगतीआधी वेगळे भिजवून त्यात परतायचे आणि वर लिंबू पिळायचे. लिंबाने चव तर येतेच, शिवाय धान्यातले लोह शरीरात शोषले जाण्यासही त्याची मदत होते. उपमा घट्ट होतो, पण मुळातच थोडा सैल केला आणि दुसऱ्या पंगतीला दोन पळ्या उकळते पाणी घालून हलवला की पूर्ववत होतो. भाजणीचे थालीपीठ निवल्यावर चिवट होते आणि दोन वर्षांच्या मुलाला ते चावत नाही, त्यामुळे ते आम्ही डब्यात ठेवतच नाही, दोन्ही वेळा ताजे लावतो. मुगाचे धिरडे आणि नाचणीचे घावन यांचे पीठ तयार असते, त्यामुळे ताज्याचा फारसा त्रास होत नाही. नाचणी आमच्याकडे आठवड्यातून दोनदा असते, कारण १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि दूध न पिणाऱ्या मुलांसाठी हा मोठा आधार आहे. डब्यात सर्वांत चांगली टिकते ती इडली; हिवाळ्यात पीठ फुगायला वेळ लागतो, म्हणून त्या दिवसांत ते आदल्या दुपारीच वाटून ठेवावे लागते.

गरम डब्यांविषयी थोडे सविस्तर लिहितो. शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये आणि गरम ठेवायचे असल्यास ६० अंश सेल्सिअसच्या वर ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. एक मोठा डबा वापरला, तर पहिल्या पंगतीनंतर तो अर्धा रिकामा होतो, पुन्हा पुन्हा उघडला जातो आणि अन्न झपाट्याने निवते. दोन लहान डबे उकळत्या पाण्याने आधी तापवून भरले आणि दुसरा डबा साडेनऊपर्यंत उघडलाच नाही, तर उपमा चांगला गरम राहतो. स्वयंपाकघरातील तापमापकाने आम्ही हे नियमित तपासतो. वाढताना अर्थातच ते मुलांना सोसेल इतके निवू द्यावे लागते. दुसऱ्या पंगतीतून उरलेले अन्न दुपारी मुलांना वाढायचे नाही, हा नियम आम्ही एकदाही मोडलेला नाही.

घशात अडकण्याची भीती सकाळी जास्त असते, कारण मुले अर्धवट झोपेत असतात. पोह्यांत अख्खे शेंगदाणे नसतात, त्याऐवजी बारीक कूट असते, आणि तेही घरी शेंगदाणे आधी खाल्लेल्या व कसलाही त्रास न झालेल्या मुलांनाच. द्राक्षे उभी चिरायची, सफरचंद वाफवायचे किंवा किसायचे, खजूर बिया काढून बारीक करायचा, मिरचीचे व कढीपत्त्याचे तुकडे वाढण्याआधी काढायचे. चालता चालता किंवा खेळता खेळता एकही घास नाही. टेबल बुटके घेतले ते याचसाठी, पाय जमिनीला टेकले की मूल स्थिर बसते.

दुधाचा प्रश्न मात्र पालकांशी वारंवार बोलूनच सुटतो. मोठा पेला भरून साखर घातलेले दूध आणि दोन बिस्किटे हा घाईच्या सकाळचा सोपा उपाय आहे आणि साडेसहाला घर सोडणाऱ्या आईला त्यासाठी दोष देणे मला मान्य नाही. पण त्या दुधाने पोट भरते, खाणे मागे पडते, आणि दुधात लोह फारच कमी असल्याने हे रोज घडू लागले तर मुलाच्या रक्तावर परिणाम होऊ शकतो. आम्ही पालकांना एवढेच सुचवतो की घरी अर्धा पेला बिनसाखरेचे दूध द्यावे आणि बाकीचे पहिल्या पंगतीवर सोडावे. दोन वर्षांच्या आतील मुलांना साखरेची पेये देऊ नयेत, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या पूरक आहारविषयक मार्गदर्शनातही स्पष्ट म्हटले आहे. चहा आमच्याकडे कोणत्याही वयाच्या मुलाला मिळत नाही.

आता उणिवा. वर्षाच्या आतील बाळांना ही पद्धत लागू करता येत नाही आणि करूही नये. त्यांना भूक लागेल तेव्हा आईचे काढून ठेवलेले दूध, आणि सहा महिन्यांनंतर जोडीला मऊ भात किंवा नाचणीचे सत्त्व द्यावे लागते, म्हणजे एका माणसाचे हात पूर्ण सकाळ त्यांच्यासाठी मोकळे हवेत. दुसरी उणीव सोमवारची : शनिवार-रविवारी उशिरा उठलेली मुले सोमवारी पहिल्या पंगतीला जवळजवळ काहीच खात नाहीत, त्यामुळे त्या दिवशी आम्ही इडली किंवा आवडीचे घावन ठेवतो आणि दुसऱ्या पंगतीला फळाऐवजी पुन्हा ताट वाढतो. जुलैत रस्त्यावर पाणी भरले की येण्याच्या वेळा कोलमडतात आणि तेव्हा एकच पंगत पावणेदहाला लावून जेवण साडेबाराला घ्यावे लागते. आजारातून उठलेल्या मुलाला तर कोणतेच वेळापत्रक लावू नये. त्याला मागेल तेव्हा पेज, मेतकूट-भात, ताक. आणि एक-दोन मुले अशी आहेत, की ती आजही सकाळी अकराच्या आधी मनापासून खात नाहीत. त्यांचे वजन डॉक्टरांच्या तक्त्यानुसार नीट वाढत असल्यामुळे आम्ही आणि पालकांनी मिळून त्यांचे जेवण साडेअकराला करून दिले आहे.

घराघरांतले आहाराचे नियमही फळ्यावरच्या नावापुढे खुणेने नोंदवलेले असतात : जैन घरातील मुलाला कांदा-बटाटा नाही, काहींना अंडे चालते, काहींना नाही. फोडणी वेगळी करण्याची सवय इथे फार उपयोगी पडते, कारण कांद्याआधी एक वाटी बाजूला काढली की दुसरा पदार्थ करावा लागत नाही. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांच्या मुलांना सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण मिळून ५०० कॅलरी व १२ ते १५ ग्रॅम प्रथिने देण्याचा निकष २०२३ पर्यंत होता. आम्ही तो आमच्यासाठी किमान पातळी मानतो, आणि मूगडाळ, दही व कूट यांच्या आधारे मोठ्या मुलांच्या बाबतीत तो सहज गाठता येतो.

पाच-सहा किंवा त्याहून अधिक मुले असलेल्या आणि येण्याच्या वेळांत दोन तासांचा फरक असलेल्या पाळणाघराला ही पद्धत मी निःशंकपणे सुचवीन. दोन-तीनच मुले असतील तर फळा आणि निरोप पुरे, दुसऱ्या पंगतीची गरज नाही. मदतनीस सातला येऊ शकत नसेल, तर मात्र सुरुवात करू नये, कारण दार उघडणे, निरोप उतरवणे आणि तव्यापाशी उभे राहणे एकट्या माणसाला सुरक्षितपणे जमत नाही. सुरू करायचेच असेल तर जूनच्या पहिल्या आठवड्यात करावे. नवीन मुले त्याच सुमारास येतात, आणि पालकांच्या पहिल्या बैठकीतच वेळा लिहून हातात देता येतात.