जठर काढल्यानंतरचे आठ महिने: आहार समुपदेशनाचा आमचा अनुभव

माझ्या वडिलांचे संपूर्ण जठर कर्करोगामुळे काढावे लागले, त्याला आता आठ महिने झाले. घरी सोडताना मिळालेल्या छापील कागदावर ‘हलका, पातळ आहार थोडा थोडा द्यावा’ एवढेच लिहिले होते. त्यामुळे आईने मायेने रव्याची गोड खीर केली. ती खाऊन पंधरा मिनिटे होतात न होतात तोच बाबांना दरदरून घाम सुटला, छाती धडधडू लागली आणि पोटात कळा आल्या. आम्हाला वाटले, हृदयविकाराचा झटकाच आहे. दुसऱ्या आठवड्यात आम्ही एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो, तेव्हा त्याचे कारण कळले. जठर अन्न साठवून ठेवते आणि ते हळूहळू पुढे सोडते. ते नसल्यामुळे गोड, पातळ अन्न एकदम लहान आतड्यात उतरते आणि शरीरातील पाणी तिकडे खेचून घेते. याला ‘डंपिंग’ म्हणतात. भेटायला येणाऱ्यांनी प्रेमाने आणलेले फळांचे रस आम्ही त्या दिवसापासून बाजूला ठेवले.

पहिली भेट पाऊण तासाची होती आणि त्यातला बराच वेळ बाईंनी आईशी बोलण्यात घालवला: वाटी केवढी, चहा किती वाजता, वरण किती पातळ. मला ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. दिवसातून आठ वेळा, प्रत्येक वेळी अर्धी वाटी, आणि पाणी जेवणाच्या अर्धा तास आधी किंवा नंतर, असा आराखडा ठरला. घास बारीक चावायचा, अंडे किंवा पनीर आधी खायचे आणि जेवल्यावर लगेच आडवे व्हायचे नाही. बाबांना सर्वांत जड गेले ते आमटी-भात सोडणे. साठ वर्षे भातावर आमटी ओतून कालवलेल्या माणसाला घट्ट मुगाचे वरण आणि मऊ भात म्हणजे अर्धेच जेवण वाटायचे. बाईंनी आमटी बंद केली नाही. ती जेवणानंतर अर्ध्या तासाने वेगळी, वाटीतून प्यायला सांगितली, आणि बाबांनी ते मान्य केले.

त्यांनी एक वही ठेवायला लावली: काय खाल्ले, किती, किती वाजता आणि नंतर काय झाले. तिसऱ्या आठवड्यात त्या वहीतून दिसले की सकाळी अकराच्या सुमारास येणारी थरथर नेहमी नऊच्या गोड चहानंतरच येत होती. साखर झपाट्याने वाढते, मग इन्सुलिन जास्त स्रवते आणि दोनेक तासांनी साखर खाली येते. बिनसाखरेचा चहा सुरू केल्यावर ती थरथर थांबली. शस्त्रक्रियेआधी बाबांचे वजन 68 किलो होते, ते 57 पर्यंत उतरले आणि आता साडेसाठ आहे.

बी-12 च्या इंजेक्शनाबाबतही बाई दर भेटीत न चुकता विचारतात. हे जीवनसत्त्व शोषण्यासाठी लागणारा घटक जठरातच तयार होतो, म्हणून इंजेक्शन आयुष्यभर घ्यावे लागणार आहे. यकृतात त्याचा साठा असल्याने कमतरता फार उशिरा जाणवते, आणि म्हणूनच ते टाळण्याचा मोह होतो.

काही बाबतींत मात्र निराशा झाली. सुचवलेली प्रथिनांची पावडर महाग होती आणि इतकी गोड की तिनेच त्रास व्हायचा. शेवटी आम्ही घरचे पनीर आणि बिनसाखरेची नाचणीची आंबील यांवर भर दिला. केमोथेरपीच्या आठवड्यांसाठी वेगळा आराखडा मिळाला नाही. एका औषधामुळे थंड पदार्थ गिळताना घशात झिणझिण्या येत असताना यादीत थंड दही तसेच राहिले होते, आणि बाईंशी ठरलेल्या वेळेखेरीज बोलता येत नव्हते. ते दिवस आम्ही चुकत-माकत, कोमट पेजेवर काढले.

पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी भेट आवश्यकच होती; आता दोन महिन्यांतून एकदा पुरते. ज्यांची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे त्यांनी शक्य असल्यास पहिली भेट आधीच घ्यावी आणि घरात जी व्यक्ती स्वयंपाक करते तिला सोबत न्यावे. आमचे सुरुवातीचे दोन आठवडे त्यामुळे वाचले असते.